पाणंदीसाठी साखळी-करवत : निवड, वापर आणि दक्षता

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथील असो वा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही गावाचा असो, गावनकाशा उघडून पाहिला तर शेतांच्या हद्दींमधून गेलेल्या तुटक रेषा आढळतात. या रेषा म्हणजे गावाचे गाडीमार्ग, पायमार्ग आणि पाणंदी होत. कागदावर त्या आजही जशाच्या तशा आहेत. प्रत्यक्षात मात्र दोन्ही बांधांवरून वेडी बाभूळ आत झुकते, एखादी जुनी बाभूळ वादळात आडवी होऊन वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, आणि बैलगाडीची वाट प्रथम पाऊलवाट होते व नंतर तीही राहत नाही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतापर्यंत जात नाही, तोडलेला ऊस बाहेर निघत नाही, आणि शेतवस्तीवरील आजारी माणसाला रात्री खाटेवरून सडकेपर्यंत आणावे लागते. पाणंद मोकळी करणे हे केवळ सुशोभनाचे काम नव्हे, हे ग्रामपंचायतीच्या सभासदांना सांगावयास नको.

हे काम पूर्वी कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढावयाची करवत यांच्या बळावर होत असे. आजही ही साधने टाकाऊ झालेली नाहीत. परंतु ती चालविणारे हात ज्या काळात हवेत, त्या काळात ते गावात नसतात. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास कोयत्यासह जी कुटुंबे साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, ती हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आणि पाऊस ओसरल्यानंतरचा तो नेमका काळच पाणंद मोकळी करण्यास सर्वांत सोयीचा असतो. त्यातच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीसारखी आपत्ती आली, की पडलेली झाडे दूर करण्याचे काम आठवड्याच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने करावे लागते. अशा वेळी 'झाडे कापावयाचे मशीन' विकत घ्यावे, असा ठराव ग्रामपंचायतीत येतो. ठराव योग्यच असतो. घेतले जाणारे यंत्र मात्र बहुधा अयोग्य असते, आणि त्याचे कारण असे की, यंत्राची निवड कामावरून न होता त्याच्या पट्टीच्या लांबीवरून होते.

आधी मोजणी, मग खरेदी

पाणंदीची रुंदी किती हे प्रथम निश्चित करावे. महसुली अभिलेखानुसार पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट मानली जाते. या अपूर्णांकांचे मूळ तेहतीस फुटांच्या मोजणीच्या साखळीत आहे. गुंठा म्हणजे एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन, सव्वाआठ फूट म्हणजे साखळीचा चौथा हिस्सा आणि साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी. करवतीच्या साखळीला हात घालण्यापूर्वी ही मोजणीची साखळी आठवणे श्रेयस्कर. कारण रुंदीचा वाद मिटलेला नसताना बांधावरील झाड तोडले गेले, तर पाणंद मोकळी होण्याऐवजी प्रकरण तहसील कार्यालयात जाते आणि वाट आणखी काही वर्षे बंद राहते.

रुंदी ठरल्यानंतर शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि दोन सभासद यांनी टेप व वही घेऊन पाणंदीवरून एकदा चालत जावे. जे जे खोड कापावे लागणार, त्याचा छातीइतक्या उंचीवरील घेर मोजून लिहावा. घेराला ढोबळमानाने तीनने भागले, की खोडाची जाडी मिळते. घेर ९० सेंटिमीटर असेल, तर जाडी सुमारे ३० सेंटिमीटर. शाळेतील सातवीच्या विद्यार्थ्यांना हे गणित करता येते आणि त्यांना ते करावयास देणे इष्टच आहे. बहुतेक ठिकाणी या वहीत असे दिसून येईल की, कापावयाच्या खोडांपैकी फार मोठा भाग मनगट ते मांडी एवढ्या जाडीचा आहे, आणि माणसाच्या कवेत न मावणारे वृक्ष एक किंवा दोन आहेत. ते एक-दोन वृक्षही बहुधा चिंच, आंबा किंवा वड असे असतात, आणि ते न तोडता वाट त्यांच्या कडेने वळविणेच योग्य असते.

ही वही हाती असेल, तर दुकानदाराशी बोलणे सोपे होते. ती नसेल, तर दुकानदार जे दाखवील ते घ्यावे लागते.

यंत्राची ओळख

साखळी-करवत म्हणजे लहान इंजिन किंवा विजेची मोटर, तिने फिरणारी दातेरी साखळी आणि ती साखळी जिच्या कडेने धावते ती पोलादी पट्टी. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. ती यंत्रे इतकी जड होती की चालविण्यास दोन माणसे लागत. आजच्या साखळीचा दाता मात्र अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याची देणगी आहे. लाकूड पोखरणारी अळी आपल्या जबड्याने डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कसे कुरतडते, याचे त्याने निरीक्षण केले आणि १९४० च्या दशकात त्याच तत्त्वावर डाव्या-उजव्या दात्यांची साखळी बनविली. साखळी हातात घेऊन पाहिली, तर एक दाता डावीकडे व पुढचा उजवीकडे वळलेला दिसतो, तो या निरीक्षणामुळे.

प्रत्येक दात्याच्या पुढे एक लहान उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल शिरावा, हे तो उंचवटा ठरवितो. सर्वसाधारण साखळीत तो दात्याच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटरने खाली असतो. हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु धार लावणाऱ्याने उंचवटा गरजेपेक्षा अधिक घासला, तर दाता लाकडाला हिसका देऊ लागतो आणि यंत्र हातात आवरत नाही. असे यंत्र 'चांगले खेचते' म्हणून काही जण त्याची वाखाणणी करतात, ती मुळीच ग्राह्य धरू नये.

केवढे यंत्र घ्यावे?

बाजारात पेट्रोलवर चालणारी यंत्रे साधारणतः ३५ पासून ७० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, किंवा त्याहूनही मोठ्या इंजिनांची मिळतात. दुकानदार त्यास 'सीसी' म्हणतो. पट्टीची लांबी इंचांत सांगितली जाते: १४, १६, १८, २०, २२. अलीकडे ५८ सीसी व २२ इंच पट्टी असे छाप असलेली यंत्रे स्वस्तात मिळू लागली आहेत, आणि ग्रामपंचायतींचा कल बहुधा त्यांच्याकडे असतो. इंजिन मोठे, पट्टी लांब आणि किंमत कमी, असा तिहेरी मोह त्यात आहे.

या मोहाचा हिशेब मांडून पाहू. १६ इंच म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. पट्टी खोडाच्या जाडीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर अधिक असली की काम सुलभ होते. म्हणजे १६ इंच पट्टीने ३५ सेंटिमीटर जाडीचे, अर्थात सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर घेराचे खोड एका बाजूने कापता येते. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येते. मात्र ते अनुभवी माणसाचे काम आहे. आपल्या वहीतील बहुतेक सर्व खोडे या मर्यादेच्या आत असतील. मग उरलेले सहा इंच कशासाठी? ते सहा इंच प्रत्येक फांदीच्या पलीकडे डोकावतात, काटेरी जाळीत नजरेआड जातात, बांधाच्या मातीत व दगडांत घुसतात आणि पट्टीचे टोक नको तेथे टेकवितात. टोक टेकले म्हणजे काय होते, ते पुढे सांगितले आहे. शिवाय लांब पट्टीचे वजन पुढे असते. झुकून, वाकून, एका पायावर भार देऊन दिवसभर काम करणाऱ्याच्या कंबरेला व मनगटाला ते वजन सायंकाळपर्यंत दुप्पट वाटू लागते, आणि अपघात बहुधा थकल्यावर होतात.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, युसूफ वडगावसारख्या गावच्या पाणंदी, शाळेचे आवार, स्मशानभूमीची वाट आणि वादळात पडलेली झाडे या कामांसाठी ४० ते ५० सीसीचे इंजिन व १६ इंच पट्टी असलेले, पट्टी-साखळी वगळता सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे यंत्र पुरेसे आहे. पंचक्रोशीतील चार-पाच गावांनी मिळून एखादे मोठे यंत्र ठेवावयाचे असल्यास गोष्ट वेगळी. एखाद्या गावात पाच वर्षांतून एकदाच महाकाय वृक्ष पडतो, म्हणून पाचही वर्षे महाकाय यंत्र बाळगणे व्यवहार्य नाही. त्या एका दिवसासाठी यंत्र व माणूस भाड्याने आणावा.

विजेच्या तारेवर चालणाऱ्या करवती स्वस्त व हलक्या असतात. तथापि पाणंदीवर वीज नसते, आणि कृषिपंपांच्या वाहिनीवरची वीज पाळीने मिळते. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातील फांद्यांसाठी बॅटरीवरील लहान करवत मात्र विचारात घेण्यासारखी आहे. तिचा आवाज कमी, पेट्रोल ठेवण्याची जोखीम नाही आणि बटण सोडताच साखळी थांबते. बॅटरी महाग असते व जाड लाकडात ती लवकर उतरते, एवढे ध्यानात ठेवावे.

यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न सुट्या भागांचा आहे. तीन प्रश्न दुकानदारास लेखी विचारावेत. या यंत्राची साखळी, पट्टी, स्पार्क प्लग, हवेची गाळणी आणि दोरी केज किंवा अंबाजोगाई येथे मिळते काय? साखळीचा गाळा किती आणि पट्टीच्या खाचेची रुंदी किती? दुरुस्ती कोण करील व किती दिवसांत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक विक्रेत्यांना देता येत नाही. परंतु ते पट्टीवर कोरलेले असते, आणि ते नोंदवून न ठेवल्यास पुढे न बसणारी साखळी घरी येते. ग्रामपंचायतीची खरेदी विहित पद्धतीने व दरपत्रके मागवूनच होते. त्या दरपत्रकांत केवळ 'चेन-सॉ, नग १' असे न लिहिता इंजिन, पट्टी, साखळीचा गाळा आणि पुढे दिलेली सुरक्षा साधने यांचा स्पष्ट उल्लेख केला, तर सर्वांत कमी दराचे यंत्र हे सर्वांत कमी दर्जाचे असण्याची आपत्ती टळते.

जीव सांभाळणारे भाग

साखळी-करवतीचा सर्वांत घातक गुण म्हणजे तिची उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला, फांदीला किंवा लपलेल्या तारेला टेकला, की सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने धावणारी साखळी तेथे अडकते आणि सारे यंत्र चालकाच्या चेहऱ्याकडे व खांद्याकडे उलटे फेकले जाते. हे इतक्या अल्पावधीत घडते की माणसाला हात आवरण्यास सवड मिळत नाही. म्हणूनच १९७० च्या दशकाच्या आरंभापासून नामांकित यंत्रांत पुढच्या मुठीसमोर एक ढाल व तिला जोडलेला साखळी-ब्रेक बसविण्यात येऊ लागला. उसळीच्या हिसक्याने किंवा मनगटाच्या धक्क्याने ढाल पुढे जाते आणि साखळी क्षणार्धात थांबते.

खरेदीच्या वेळी दुकानातच यंत्र चालू करून हा ब्रेक तपासावा. ढाल पुढे ढकलताच साखळी थांबली नाही, तर ते यंत्र घेऊ नये. किंमत कितीही कमी असो. त्याचबरोबर गतीचा खटका चुकून दाबला जाऊ नये म्हणून मागच्या मुठीवर असणारी कळ, तुटलेली साखळी अडविणारा खिळा, मुठी व इंजिन यांच्यामधील कंप शोषणारे रबर किंवा स्प्रिंगा आणि अंगठ्याने सहज बंद होणारे बटण, हेही पाहावे. कंप शोषण्याची सोय नसलेले यंत्र दीर्घकाळ चालविणाऱ्यांच्या बोटांतील रक्ताभिसरण बिघडते. बोटे पांढरी पडतात व बधिर होतात. ही व्याधी जगभरच्या लाकूडतोड्यांत आढळली असून ती एकदा जडली की पुरती बरी होत नाही.

चालकाच्या अंगावरील साधने यंत्राइतकीच आवश्यक आहेत. शिरस्त्राण, डोळ्यांपुढे जाळी किंवा चष्मा, कानांवर आवरण, जाड बूट, हातमोजे आणि मांड्या-नडग्यांवर घालावयाचे विशेष आवरण. हे आवरण साधे कापड नसते. त्यात लांब धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी त्यात शिरताच धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. यंत्राचा आवाज शंभर डेसिबेलच्या वर असतो, त्यामुळे कानाच्या आवरणाविना काम करणाऱ्याला काही वर्षांत कमी ऐकू येऊ लागते. धोतर, लुंगी, गळ्यातील उपरणे, पायातील चप्पल ही या कामात चालत नाहीत. यंत्रासाठी तरतूद आहे, साधनांसाठी नाही, असे सांगण्यात येत असेल, तर तरतूद होईपर्यंत यंत्राची खरेदी लांबवावी. खोल जखमेच्या रुग्णाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागेल, आणि पाणंदीतून सडकेपर्यंत व सडकेवरून तेथपर्यंत किती वेळ लागतो, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते मोजून पाहावे. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तर त्या वेळाची वाट पाहिली जात नाही. म्हणून यंत्राबरोबर जाड पट्ट्यांची प्रथमोपचार पेटी आणि कामावर दुसरा माणूस असल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.

कापावे कसे?

उभे झाड पाडताना प्रथम ते कोणीकडे झुकले आहे, शेंडा कोणत्या बाजूला भरला आहे आणि वारा कोठून आहे हे पाहावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात चालक व त्याचा सहायक यांखेरीज कोणी नसावे. शाळेची मुले तर नकोतच, आणि ती नेमकी तेथे जमतात. पळण्याची वाट पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूस, परंतु सरळ मागे नव्हे तर तिरपी, आधीच साफ करून ठेवावी. बुंधा उसळला तर तो सरळ मागे येतो.

ज्या बाजूला झाड पाडावयाचे, त्या बाजूस खोडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच पाडावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, आडवा छेद घ्यावा. मात्र तो खाचेपर्यंत नेऊ नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे लाकूड शिल्लक ठेवावे. हे लाकूड दाराच्या बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने खाली आणते. ३० सेंटिमीटर जाडीच्या खोडात ही बिजागरी तीन सेंटिमीटरची असावी. ती सारी कापून टाकणे ही नवशिक्यांची सर्वसामान्य चूक; त्यानंतर झाड कोठे पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. छेदात लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोकावी. लोखंडी पाचरीला साखळी लागली तर दाते जातात.

वादळात आडवे पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा अधिक फसवे असते. दोन टोकांवर टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. एकच टोक टेकलेले असल्यास उलट. प्रथम दाबाच्या बाजूने थोडे, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे कापावे आणि नंतर ताणाच्या बाजूने पूर्ण करावे. ताणाची बाजू आधी कापली तर ओंडका फाटून उसळतो. दाबाच्या बाजूने अधिक कापत गेले तर पट्टी चिमट्यात अडकते. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापताच मातीचा तो प्रचंड गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कोणी नाही, हे पाहिल्याशिवाय करवत लावू नये. झाड विजेच्या तारेवर असेल, तर महावितरणच्या कर्मचाऱ्याने प्रवाह बंद केल्याचे प्रत्यक्ष सांगेपर्यंत त्यास स्पर्शही करू नये.

खांद्याच्या उंचीच्या वर करवत उचलू नये, शिडीवर चढून ती चालवू नये. उंच फांद्यांसाठी लांब दांड्याची हातकरवत मिळते. काम सावकाश होते, पण होते.

वेड्या बाभळीचे वेगळे प्रकरण

मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. उजाड जमीन हिरवी करावी व सरपण मिळावे हा हेतू होता. सरपण मिळालेही. दुष्काळी वर्षांत अनेक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या, आणि शेळ्यांनी उन्हाळ्यात तिच्या शेंगांवर दिवस काढले. तेव्हा तिला सरसकट शत्रू ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु तिची खोडी अशी की, जमिनीलगत कापली तर मातीखालच्या गड्ड्यातून एकाऐवजी दहा फोक फुटतात. निव्वळ करवतीने पाणंद साफ केली, तर दोन पावसाळ्यांत ती पूर्वीपेक्षा अधिक दाट होते. यंत्राने काम झाले, छायाचित्र निघाले, देयक अदा झाले आणि वाट पुन्हा बुजली, असा अनुभव यातूनच येतो.

म्हणून येथे क्रम वेगळा ठेवावा. आधी बाहेरील काटेरी फोक लांब दांड्याच्या कोयत्याने किंवा पाते बसविलेल्या गवतकापणी यंत्राने काढून आकड्याने बाजूला ओढावेत. बुंधा दिसू लागला, की साखळी-करवतीने तो गुडघ्याएवढ्या उंचीवर कापावा, मातीलगत नव्हे. उरलेला खुंट हाती धरण्यास उपयोगी पडतो. नंतर कुदळ-पहारीने, किंवा बुंधे जाड असल्यास खोदाई यंत्राने, तो गड्ड्यासह उपटून काढावा. ओल असताना हे काम अर्ध्या श्रमात होते. मजुरांवर आधारित शासकीय योजनेतून निधी घेतला असल्यास त्या योजनेत यंत्राच्या वापरास कितपत मुभा आहे, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून आधी जाणून घ्यावे. राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेचा पाया मजुरीच्या व साहित्याच्या खर्चाची सांगड घालणे हाच होता.

साध्या बाभळीचे लाकूड कठीण असते, आणि सालीच्या भेगांत धूळ बसलेली असते. अशा लाकडात साखळीची धार लवकर जाते. भुशाऐवजी पीठ पडू लागले, करवत दाबावी लागू लागली किंवा छेद एका बाजूला वाकू लागला, की धार गेली असे समजावे. प्रत्येक वेळी टाकीत इंधन भरताना गोल कानशीने दोन-तीन हात मारावेत. ०.३२५ इंच गाळ्याच्या साखळीस ४.८ मिलिमीटरची कानस लागते, लहान यंत्रांवरील बुटक्या ३/८ इंची साखळीस ४ मिलिमीटरची. कानस सुमारे ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर आणि एकाच दिशेने चालवावी; प्रत्येक दात्यास सारखेच हात मारावेत. ज्याने विळ्याला व कोयत्याला धार लावली आहे, त्याला हे एका सकाळी येते.

इंधन, तेल आणि साठवण

यंत्र दोन-ठोक्यांचे असल्यास पेट्रोलमध्ये त्यासाठीचे तेल मिसळावे लागते. बहुतेक नामांकित यंत्रांस पन्नास भाग पेट्रोल व एक भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, असे प्रमाण असते. काही स्वस्त यंत्रांना लिटरला ४० मिलिलिटर लागते. पुस्तिकेत असेल तेच प्रमाण टाकीवर रंगाने लिहून ठेवावे. तेल विसरले तर काही मिनिटांत दट्ट्या अडकून इंजिन निकामी होते. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. त्यात मोटारसायकलचे काढून टाकलेले काळे तेल ओतण्याची प्रथा सर्वत्र दिसते. त्यातील धातूचा चुरा पट्टी झिजवितो, आणि ते तेल चालकाच्या त्वचेवर व शेताच्या मातीत जाते. हा काटकसरीचा प्रकार थांबविलेला बरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषून घेते. मिसळलेले इंधन महिन्याहून अधिक ठेवू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये थेंब राहत नाही. धूळ आपल्याकडे विपुल आहे, तेव्हा हवेची गाळणी रोज झटकावी.

परवानगी आणि लाकडाची मालकी

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन, फणस आदी वृक्षांचा समावेश आहे. ते खाजगी शेतात असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना तोडता येत नाहीत. सडकेच्या कडेची झाडे ज्या विभागाची सडक त्या विभागाची असतात. लाकूड गावाबाहेर न्यावयाचे असल्यास वाहतूक परवाना लागतो किंवा कसे, याची खात्री वनपरिक्षेत्र कार्यालयात करून घ्यावी. पावसाळ्यात बाभळींवर सुगरणींची घरटी असतात. त्या फांद्यांचे काम पिले उडेपर्यंत लांबणीवर टाकल्याने काही बिघडत नाही.

यंत्र आले की पाणंदीइतकाच तंटा लाकडावरून होतो. कापलेले लाकूड कोणाचे, हे ग्रामसभेत काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे. बांधावरच्या झाडाचे लाकूड बांधाच्या मालकाला, पाणंदीतील लाकूड ग्रामपंचायतीला आणि बारीक फाटा सरपणासाठी ज्या घरांना गरज असेल त्यांना, अशी विभागणी बहुतेकांना मान्य होते. जाड ओंडक्यांचा जाहीर लिलाव करून येणारी रक्कम साखळी, कानशी आणि तेल यांच्या खर्चाकडे वळविता येईल.

यंत्र एकाच प्रशिक्षित व्यक्तीच्या, फार तर दोघांच्या, हाती असावे. प्रशिक्षणाबाबत विक्रेत्याकडे आग्रह धरावा. अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्राकडेही विचारणा करता येईल. 'दोन तासांसाठी द्या' म्हणून मागणाऱ्यांची संख्या खरेदीच्या दुसऱ्याच दिवसापासून वाढते, आणि त्यांना नकार देणे सरपंचांना अवघड जाते. यासाठी ठरावातच तशी तरतूद करावी: यंत्र चालकाविना बाहेर जाणार नाही. ग्रामपंचायत कार्यालयात एक नोंदवही ठेवून तीत तारीख, ठिकाण, चालक व सहायक, किती तास चालले, किती इंधन लागले, साखळी केव्हा बदलली आणि ब्रेक तपासला किंवा कसे, हे रकाने आखावेत. आणि ब्रेकचा रकाना रिकामा असेल त्या दिवशी किल्ली कपाटातून काढू नये.